‘सी, से पुएदे’ मराठीत कसं म्हणायचं?

मेघना_पुणे: आमच्या वाचनगटासाठी अमेरिकेतल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, बायकांच्या चळवळींवर मराठीत लिहितेय आणि एका स्पॅनिश घोषणेपाशी अडकलेय. १९७२ साली अ‍ॅरिझोनात शेतमजुरांच्या संपावर, बहिष्कारावर बंधनं घालणारा कायदा झाला, त्याविरुद्ध शेतमजुरांचे पुढारी सेझर चावेझ तिथल्या फिनिक्स शहरात उपोषणाला बसले. तिथलेच काही लोक म्हणायला लागले की कॅलिफोर्नियात चालेल हे, इथे नाही, ‘नो से पुएदे’. त्यावर त्यांच्या सहकारी डोलोरेस वेर्ता म्हणाल्या, ‘सी, से पुएदे’. मी लिहिलं ‘होय, आपण करू शकतो’, गटातल्या एकीने ते खोडून ‘हो, जमतं’ केलं. मला ते घोषणेसारखं वाटत नाही. काय म्हणता?

जुना_मास्तर: खोडलं ते बरोबरच. मूळ वाक्यात ‘आपण’ कुठेच नाही. ‘से पुएदे’ म्हणजे करता येतं. कर्ता न सांगता बोलायची ही सोय मराठीत रोजची आहे, ‘इथून जाता येतं का?’ ‘येतं.’ तुमचं ‘आपण करू शकतो’ इंग्रजीतून आलंय, ओबामांच्या २००८ च्या प्रचारातल्या ‘येस वी कॅन’मधून. २०१२ मध्ये वेर्तांना पदक देताना ही घोषणा आपण त्यांच्याकडून उचलली असं खुद्द ओबामांनीच सांगितलं.

रंकाळा: आमच्याकडं याला एकच उत्तर, ‘हुतंय की!’ समोरचा म्हणतोय होत नाही आणि बाई म्हणतायत होतंय. सगळा जोर त्या ‘की’ मध्ये आहे.

मेघना_पुणे: रंकाळा, मस्त! पण विदर्भातल्या वाचकाला चालेल का?

जुना_मास्तर: छापील लेखात प्रमाण भाषाच हवी.

रंकाळा: का म्हणून? शेतमजुरांनी शेतमजुरांना दिलेली घोषणा आहे सर, ती शेतातल्याच भाषेत नको का?

द्राक्षबाग: नाशिकहून लिहितोय. वेर्ता म्हणजे स्पॅनिशमध्ये मळा, हे कळल्यापासून ते नाव डोक्यात बसलंय. १९६५ ला डिलेनोचा द्राक्षसंप आधी फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, आठवड्याभराने चावेझ-वेर्तांची संघटना त्यात उतरली, आणि १९७० मध्ये बागाईतदारांनी करार केले तेव्हा मजुरांच्या बाजूने वाटाघाटींत ह्या बाई पुढे होत्या. मेघनाताई, त्यांना ‘संघटक’ लिहिलंय की ‘कार्यकर्त्या’? कार्यकर्ता आपल्याकडे सतरंज्या उचलणारासुद्धा असतो, करार घडवणाऱ्या बाईला तो शब्द अपुरा पडतो. आणि ‘एल कोर्तितो’ला ‘खुरपं’ म्हणू नका. खुरपं आपण बसून चालवतो, ती आखूड दांड्याची कुदळ होती, दिवसभर कमरेत वाकून चालवायची, मजुरांच्या पाठी कायमच्या गेल्या. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात बंद झाली ती.

हेमा_सॅन_होजे: अवांतर पण महत्त्वाचं. इथे आपली मंडळी सरसकट सगळ्यांना ‘मेक्सिकन’ म्हणतात ते आधी थांबवा. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश सोतोमायोर यांचे आईवडील पोर्तो रिकोचे, संसदेत निवडून आलेली पहिली लॅटिना इलियाना रोस-लेहतिनेन हवानात जन्मलेली, कामगारांत काम केलेल्या लुईसा मोरेनो ग्वाटेमालाच्या. लॅटिना हा शब्द ह्या सगळ्यांना एकत्र घेतो म्हणून तो हवा.

जुना_मास्तर: पण ‘लॅटिना’ मराठी कानाला पुल्लिंगी लागतं. मुलगा, घोडा, लॅटिना! ‘लॅटिना आला’ असंच वाचणार लोक. ‘लातिनी स्त्रिया’ लिहा.

मांडवीकाठ: आमच्या कोंकणीत घोडो, चेडो, त्यामुळे ‘लातिनो’ म्हटलं की पुरुष हे आपोआप कळतं. बाईसाठी मात्र आमच्याकडेही ‘ई’च, म्हणजे ‘लातिना’ गोव्यातही अडणारच.

हेमा_सॅन_होजे: मास्तर, आदर ठेवून सांगते, त्यांनी स्वतःला घेतलेलं नाव तुम्ही का बदलताय? ‘लातिनी’ वाचून लोकांना चर्चमधली भाषा आठवेल. तिकडेही आता स्त्री-पुरुष भेद न दाखवणारा शब्द ‘लॅटिनेक्स’ की ‘लॅटिने’ यावर वाद आहे, तो त्यांचा त्यांनी सोडवावा.

जुना_मास्तर: मराठी वाचकाला लिंग कळलं पाहिजे एवढंच म्हणणं आहे.

हेमा_सॅन_होजे: पुढे ‘बायका’ आहे ना, कळतं. मेघना, ह्या सगळ्यात मतदानाचं मात्र सोडू नकोस. मतदान हक्क कायद्याच्या १९७५ च्या दुरुस्तीनंतर बऱ्याच काउंट्यांमध्ये स्पॅनिशमधून मतपत्रिका देणं बंधनकारक झालं. २००६ च्या स्थलांतरितांच्या मोर्च्यांत हीच वेर्तांची घोषणा होती आणि सोबत दुसरी, ‘आज मोर्चा, उद्या मतदान’. २०२० च्या जनगणनेत लॅटिनो लोक ६ कोटी २१ लाख, देशात जवळपास पाचात एक. नेव्हाडातून २०१६ ला कॅथरीन कोर्तेझ मास्तो निवडून आल्या, सिनेटमधली पहिली लॅटिना.

रंकाळा: ‘आज मोर्चा, उद्या मतदान’ हे भाषांतर वाटतच नाही. ह्याला म्हणतात घोषणा.

मेघना_पुणे: घेतेय सगळं. अजून एक अडलंय. १९३८, टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचा पेकनचा (अक्रोडासारखा सुकामेवा) संप, मजुरी कापली म्हणून सुमारे १२,००० कामगार बाहेर पडले, बहुतेक बायका, पुढारी एमा तेनायुका अवघी २१ वर्षांची. पेकन ‘सोलणाऱ्या’ लिहू की ‘फोडणाऱ्या’?

मांडवीकाठ: काजूच्या कारखान्यात ही दोन वेगळी कामं. कवच काढायचं ते फोडणं, आतली साल काढायची ते सोलणं. पेकनला कवच फोडून आतला गर हाताने अख्खा काढायचा असतो.

द्राक्षबाग: मग ‘पेकन निवडणाऱ्या’?

मांडवीकाठ: निवडणं म्हणजे प्रतवारी हो. फोडणाऱ्याच लिहा.

जुना_मास्तर: सोलणाऱ्या. नारळ आपण सोलतोच की, तिथेही वरचं आवरणच काढतो.