इंग्लंडमध्ये घरामागच्या बागेत कोंबड्या पाळण्यास परवानगी लागते का?

लेस्टरकर: नमस्कार. आम्ही नुकतेच लेस्टरमध्ये घर घेतले असून मागे बऱ्यापैकी मोठी बाग आहे. घरच्या अंड्यांपुरत्या चार कोंबड्या पाळण्याचा विचार आहे. त्यासाठी कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, परवानगी लागते का आणि खुराडे कुंपणालगत उभारता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बागवान: घरगुती गरजेपुरते खुराडे ‘परमिटेड डेव्हलपमेंट’मध्ये, म्हणजे वेगळ्या अर्जाशिवाय करता येणाऱ्या बांधकामांत, मोडते, त्यामुळे स्वतंत्र घराला सहसा नियोजन परवानगी लागत नाही, मात्र हद्दीपासून दोन मीटरच्या आत उभारलेल्या खुराड्याची उंची २.५ मीटरपेक्षा अधिक असू नये आणि ते घराच्या दर्शनी बाजूस नसावे. फ्लॅटला ही सवलत नाही. खरी आडकाठी बहुधा कौन्सिलची नसते, घराच्या कागदपत्रांची असते: कोंबड्या पाळू नयेत अशी अट पूर्वीच्या मालकाने वा बिल्डरने घालून ठेवलेली असल्यास ती पुढच्या मालकांवरही बंधनकारक ठरू शकते. तेव्हा खुराड्याच्या किमती पाहण्याआधी घरखरेदीच्या वेळी सॉलिसिटरने (वकिलाने) दिलेली फाइल उघडावी.

जुना बर्मिंगहॅमकर: वरील उत्तरात नोंदणीचा मुद्दा राहिला आहे. पूर्वी पन्नास किंवा अधिक पक्षी असतील तरच नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये एकच कोंबडी असली तरी ती ‘एपीएचए’ या सरकारी यंत्रणेकडे नोंदवावी लागते. बर्ड फ्लूच्या काळात पक्षी बंदिस्त ठेवण्याचा आदेश निघाला की तो घरगुती कोंबड्यांनाही लागू होऊ शकतो, म्हणून जाळी लावलेली, वरून झाकलेली जागा आधीच करून ठेवावी. कोंबडा मात्र टाळा. अंड्यांसाठी त्याची गरज नसते आणि पहाटेच्या आरवण्याबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केल्यास १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली कौन्सिल नोटीस बजावू शकते.

लेस्टरकर: आभारी आहे. उरलेली पोळी, भात आणि भाजीची देठे घातली तर खाद्याचा खर्च वाचेल ना?

बागवान: तसे करणे बेकायदेशीर आहे. स्वयंपाकघरातून आलेले काहीही, अगदी भाजीची सालेसुद्धा, कोंबड्यांना घालता येत नाही. मांसाशी वा इतर प्राणिजन्य पदार्थांशी संपर्क येऊन रोग पसरू नये हा त्यामागचा हेतू आहे. सवलत फक्त पूर्णतः व्हीगन घराला आहे आणि दूध-तूप असलेले आपले शाकाहारी घर त्यात बसत नाही. बागेतली मेथी बागेतच निवडून देठे तिथल्या तिथे टाकली, तर हरकत नाही.