मॅकवर प्रोग्रॅमिंग शिकताय? नुसतं साल बघून पुस्तक टाकून देऊ नका

अर्धविराम
मॅकवर प्रोग्रॅमिंग शिकायला कुठलं पुस्तक घ्यावं असं कुणी विचारलं की सल्ला ठरलेला असतो: नवी आवृत्ती घ्या, जुन्याला हात लावू नका. मला हा सल्ला निम्माच पटतो.

मला मेनूबारमध्ये बसणारं, पंचवीस मिनिटं मोजणारं एक छोटं घड्याळ हवं होतं. नव्याकोऱ्या स्विफ्टयूआयच्या (पडद्यावरची बटणं-खिडक्या बनवायची नवी पद्धत) पुस्तकावरून त्यातलं मेनूबारएक्स्ट्रा वापरून ते एका संध्याकाळीच झालं (ही सोय २०२२ मध्ये मॅकओएस १३ बरोबर आली). मग हाव सुटली. उजवी क्लिक केली की वेगळा मेनू यावा. पुस्तक गप्प. दोन रात्री डोकं आपटल्यावर कळलं की त्यासाठी बटणं-खिडक्यांच्या जुन्या संचाकडे, म्हणजे अ‍ॅपकिटमधल्या एनएसस्टेटसआयटमकडेच जावं लागतं. आणि अ‍ॅपकिट नीट समजावून सांगणारं काय सापडलं? ऑब्जेक्टिव्ह-सी या स्विफ्टच्या आधीच्या भाषेच्या काळातलं एक पुस्तक. निम्मी पानं रिटेन-रिलीझच्या, म्हणजे मेमरी हाताने धरण्या-सोडण्याच्या हिशोबाची, ती उलटून टाकली. २०११ मध्ये एआरसी (मेमरीचा आपोआप हिशोब) आल्यापासून ते काम कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, करतो. पण डेलिगेट, टार्गेट-अ‍ॅक्शन, रिस्पॉन्डर चेन या कुणी कुणाला काय कळवायचं त्याच्या पद्धतींवरची प्रकरणं आजही जशीच्या तशी लागू पडतात. हे सगळं नेक्स्टस्टेप या मॅकओएसच्या पूर्वज सिस्टिममधून आलेलं आहे. नावाआधीचं ते 'एनएस'सुद्धा तिथलंच.

म्हणून माझं मत: पुस्तक किती साली आलं यापेक्षा ते किती खोल उतरतं ते बघा.

खटपट्या
साफ असहमत. तुम्हाला कुठली पानं उलटायची ते कळलं, कारण तुम्हाला आधीच येत होतं. नवख्याला ते कसं कळणार? तो रिटेन-रिलीझ पाठ करत बसेल. बटणं-खिडक्या मांडायचा इंटरफेस बिल्डर २०११ ला एक्सकोड ४ (कोड लिहायचं अधिकृत साधन) आलं तेव्हा त्याच्याच पोटात गेला. त्याआधीच्या पुस्तकांत ते वेगळं अ‍ॅप आहे. चित्रातलं बटण पडद्यावर सापडत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःलाच मठ्ठ समजतो आणि नाद सोडतो. असे दोन-तीन जण मी पाहिलेत.

आणि 'कधीच जुनं न होणारं' म्हणून ज्याची आरती होते ते कर्निगन-रिचींचं सी भाषेचं पुस्तक घ्या, १९८८ ची दुसरी आवृत्ती. त्यातला पहिलाच प्रोग्रॅम नव्या क्लँग कंपायलरवर कंपाइल होत नाही! मेनच्या आधी इंट लिहिलेलं नाही, कंपायलर थेट त्रुटी दाखवतो. पहिल्या घासाला खडा.

अर्धविराम
कंपायलरला सी८९ चं, म्हणजे सीचं १९८९ चं जुनं मानक सांगितलं की होतो कंपाइल. आणि तसं का, हे शोधताना जे कळतं ते...

खटपट्या
...ते नवख्याला पहिल्या दिवशी नको असतं. तुम्ही सहाव्या महिन्याचं बोलताय, मी पहिल्या आठवड्याचं.

रात्रपाळी
दोघंही पुस्तकांवरच अडलात. स्विफ्टयूआयच्या बाबतीत तर 'नवं पुस्तक' हा प्रकारच फसवा आहे. ते आलं २०१९ ला. २०२० च्या पुस्तकात पडद्यांमध्ये ये-जा करायला नॅव्हिगेशनव्ह्यू असतो, २०२२ ला त्याच्या जागी दुसरं आलं. ऑब्झर्व्हेबलऑब्जेक्ट शिकून होतोय तोवर २०२३ ला ऑब्झर्व्हेबल मॅक्रो. छापून येईपर्यंत पुस्तक शिळं. त्यापेक्षा स्विफ्ट भाषेसाठी अधिकृत पुस्तक फुकट आहे, ते भाषेबरोबर बदलत राहतं. तेवढं वाचा आणि बाकी थेट कागदपत्रं.

अर्धविराम
अधिकृत कागदपत्रं शिकण्यासाठी? प्रत्येक फंक्शनखाली एक ओळ, तीही नावच उलटं करून लिहिलेली. जुनी कोकोची (अ‍ॅपकिट ज्याचा भाग आहे तो संच) मार्गदर्शकं खरोखर वाचनीय होती, ती आता 'अद्ययावत नाही' असा शिक्का मारून संग्रहात टाकली आहेत. म्हणजे तिथेही चांगलं ते जुन्यातच.

कोरीपाटी
मध्येच बोलते, माफ करा. मी अगदीच नवखी. मॅक या वर्षीच घेतलाय, पुस्तक ओळखीतून मिळालेलं, २०१६ चं. त्यात लिहिलंय की डॉट-बॅश-प्रोफाइल या फाइलमध्ये एक ओळ टाका आणि टर्मिनल परत उघडा. तीनदा केलं. तरी 'कमांड नॉट फाउंड'. माझंच काहीतरी चुकतंय का?

रात्रपाळी
तुमचं काही चुकलेलं नाही. २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकवर नव्या खात्यांना टर्मिनलमधल्या आज्ञा चालवायला बॅशऐवजी झेड-शेल मिळतो. तो ती फाइल उघडूनही बघत नाही. तीच ओळ डॉट-झेडएसएच-आरसी नावाच्या फाइलमध्ये टाका. फाइल नसेल तर नवी करा, आणि नावाच्या सुरुवातीचा टिंब विसरू नका.

खटपट्या
घ्या. अर्धविराम, हा तुमच्या 'साल बघू नका'चा नमुना. तीनदा करून विचारते काय, तर माझंच चुकतंय का!

अर्धविराम
हे मान्य. टर्मिनल, एक्सकोड, बसवण्याच्या पायऱ्या यांचं पुस्तक मीही ताजंच घेईन. धाग्याचं शीर्षक जरा जोरात झालं खरं. पण म्हणून अ‍ॅपकिटबद्दलचं माझं म्हणणं खोटं ठरत नाही.

पेंग्विनपंथी
आमचा अनुभवही घ्या. 'मॅकसुद्धा युनिक्सच' म्हणून लोक लिनक्सचं पुस्तक उघडतात आणि आपटतात. मॅकबरोबर येणारा बॅश अजून ३.२ वरच थांबलाय, त्यामुळे नावाने किमती साठवणारे असोसिएटिव्ह अ‍ॅरे चालत नाहीत. मजकूर बदलणाऱ्या 'सेड' आज्ञेला नुसतं '-आय' दिलं तर तो रुसतो, कारण तो बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेचा आहे. लिनक्सचा कंपायलर म्हणून 'जीसीसी' टाइप केलं तरी मागे क्लँगच धावतो, आणि चुका शोधायला पुस्तक शिकवतंय जीडीबी तर इथे आहे एलएलडीबी. यातलं एकही पुस्तक जुनं नाही, की वाईटही नाही. दुसऱ्या घरचं आहे, इतकंच. साल बघण्याआधी कुठल्या सिस्टिमवर बसून लिहिलंय ते बघा.

खटपट्या
हा मुद्दा आवडला. बीएसडीचा सेड मलाही चावलाय.

रात्रपाळी
अवांतर: आता एआयला विचारलं की झालं, असं म्हणणारे येतीलच. मी विचारून पाहिलं. एकाच उत्तरात २०१५ चं एपीआय आणि २०२३ चं मॅक्रो, दोन्ही. कुठलं कधीचं ते ओळखायला आधी येत असावं लागतं. अर्धविरामच्या पुस्तकासारखंच झालं की हे. हलकेच घ्या.

अर्धविराम
घेतलं. पण माझं पुस्तक निदान स्वतःचं साल पहिल्या पानावर सांगतं.

कोरीपाटी
रात्रपाळी, चाललं! टिंब विसरले होते, म्हणून पहिल्या वेळी नाही झालं. आता पान ४१. इथे पुस्तक नुसतं 'पायथन' लिहून एंटर दाबायला सांगतंय आणि परत तेच, 'कमांड नॉट फाउंड'. पुढची फाइल कुठली?

पेंग्विनपंथी
या वेळी फाइल नाही. ते पायथन २ होतं, मॅकओएस १२.३ पासून काढून टाकलंय. पायथन ३ बसवा आणि 'पायथन३' असं लिहून बघा. आणि पान ४२ वर प्रिंटपुढे कंस नसतील तर कळवा, पायथन ३ ला ते लागतातच.

कोरीपाटी
नाहीयेत.