गावाच्या विजेचं कार्बन उत्सर्जन काढायचंय, पण शेतीपंपांना मीटर नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी वसुंधरा अभियानाच्या निमित्ताने आमच्या गावाचा (कराड तालुका) विजेपुरता कार्बनचा हिशेब मांडायला घेतलाय. घरांचं सोपं आहे, लाइट बिलावर युनिट असतात. पथदिवे आणि पाणीपुरवठ्याची बिलं ग्रामपंचायतीत मिळाली. घोडं पेंड खातंय शेतीपंपांपाशी.

आमच्याकडे सगळा ऊस, त्यामुळे सगळ्यात जास्त वीज मोटरीच ओढत असणार. पण बऱ्याच जोडण्यांना मीटर नाही, बिल एचपीवर येतं. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट, रोज आठ तास, वर्षभर धरलं तर एका मोटरीचे जवळपास १०,९०० युनिट होतात. हे मला पटत नाही. पावसाळ्यात मोटरी बंद असतात, व्होल्टेज पडलं की उचलत नाहीत. उलट कागदावर ५ ची जोडणी आणि विहिरीवर साडेसातची मोटर, असंही आहे.

दुसरा घोळ गुणांकाचा, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड धरायचा त्या आकड्याचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२२-२३ चा आकडा युनिटमागे ०.७१६ किलो आहे, जुन्या अहवालांत ०.८२ दिसतो. आणि गावातली जाणती माणसं म्हणतात, आपली लाइट कोयनेची, पाण्यावरची, तिला कसला धूर? शिवाय आमचा शेतीचा फीडर (उपकेंद्रातून मोटरींकडे येणारी लाइन) आता सौर कृषी वाहिनीवर, म्हणजे शेतीला सौर वीज देण्याच्या योजनेत, आलाय. मग तो शून्य धरायचा का? आकडा फुगवायचा नाही आणि लपवायचाही नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:
मोटरी मोजत बसू नका. शेतीचा फीडर वेगळा आहे, तर उपकेंद्रात त्याच्या मीटरचं महिन्याचं रीडिंग असतं. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या. फीडरवर आणखी गावं असतील तर एचपीच्या प्रमाणात वाटणी करा. त्या रीडिंगमध्ये पुढच्या लाइनची गळती आलेलीच असते, ती पुन्हा मिळवू नका. घरगुती युनिटांना मात्र गळती वेगळी दाखवा, कारण ते युनिट घरातल्या मीटरवरचे आहेत आणि गुणांक वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या विजेवर काढलेला असतो.

कोयनेचे १,९६० मेगावॅट राज्याच्या जाळ्यात जातात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाइन जोडली गेली आणि देशाचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, एक झालं. तुमच्या घरातल्या युनिटात चंद्रपूरचा कोळसाही आहे, म्हणून गुणांक सगळ्यांना एकच. ०.८२ मध्ये पवन-सौर धरलेले नव्हते, ०.७१६ मध्ये आहेत. आधीच्या वर्षाला एक आणि पुढच्याला दुसरा लावलात, तर गावाने काहीही न करता उत्सर्जन घटल्याचं दिसेल. हे कटाक्षाने टाळा.

सौर वाहिनीसुद्धा ग्रिडलाच जोडलेली असते. मुख्य आकडा ग्रिडच्या गुणांकानेच काढा आणि सौर वाटा त्याखाली स्वतंत्र द्या. ग्रिडला न जोडलेले सौरपंप मात्र खुशाल शून्य धरा.

धागाकर्ता:
मनापासून आभार! पत्र उद्याच देतो. एक राहिलं: थ्री फेज नसताना काहीजण डिझेल इंजिनावर पाणी काढतात. ते कुठे मांडू?

प्रतिसाद:
विजेत नको. डिझेल गावाच्या हद्दीत जळतं, म्हणून थेट उत्सर्जनात, लिटरमागे साधारण २.७ किलो. लिटरचा अंदाज इंजिनवाल्यांनाच विचारा, ते पेट्रोल पंपावरच्या खपापेक्षा बरं. तिथे ट्रॅक्टरचं डिझेलही येतं.