स्वेन्ट्झेलच्या मातीच्या बायांना नुसतं 'जाड' म्हणून मोकळं होऊ नका

मृण्मयी: अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता क्लारा प्युएब्लोच्या (प्युएब्लो म्हणजे तिथल्या मूलनिवासींचं गाव, त्या लोकांनाही प्युएब्लोच म्हणतात) शिल्पकार रॉक्सॅन स्वेन्ट्झेल (जन्म १९६२) यांची शिल्पं पाहिली की बहुतेकांना आधी दिसतं ते बायांचं वजन. मग 'जाड देहाचा अभिमान' असं म्हणून कौतुक संपतं. मला हे फार तोकडं वाटतं. स्वेन्ट्झेलना लहानपणी नीट बोलता येत नसे, म्हणून मनातलं सांगायला त्या मातीच्या आकृत्या करायच्या. त्यांच्या बाया आजही तेच करतात. आखडलेली पायाची बोटं बघा, खाली झुकलेली मान बघा. पोझ कुठेच नाही. शिवाय ही शिल्पं आतून पोकळ असतात. तिथे मडकं जसं मातीच्या वळ्या एकावर एक चढवून करतात, तसाच हा देह वर चढत जातो. बाईनं स्वतःला आतून पाहणं म्हणजे काय, ते मला इथे दिसतं.

अनिरुद्ध: अजिबात पटलं नाही. प्युएब्लोची मातीची बाहुली बाजारापासून वेगळी काढताच येत नाही. कोचिटी या दुसऱ्या प्युएब्लोतल्या हेलन कोर्डेरोंनी १९६४ मध्ये अंगाखांद्यावर मुलं घेतलेला गोष्टीवाला आजोबा केला, संग्राहकांनी तो उचलून धरला आणि तशा आकृत्यांची रीघ लागली. न्यू मेक्सिकोतल्याच सांता फे शहरातला 'इंडियन मार्केट', म्हणजे अमेरिकन मूलनिवासींच्या कलावस्तूंचा बाजार, तर १९२२ पासूनचा. गिऱ्हाइकाला भरल्या अंगाची 'धरणीमाता' हवी असते, ती त्याला मिळते. यात त्या बाईचं स्वतःचं असं काय राहिलं?

शर्वरी: अनिरुद्ध, हा प्रश्न या शिल्पकार बायकांनी तुमच्या आधीच विचारलाय. ब्रुकलिन म्युझियममधल्या स्वेन्ट्झेलच्या २००४ च्या शिल्पाचं नावच 'मेकिंग बेबीज फॉर इंडियन मार्केट' आहे. आणि त्यांची मावशी, शिल्पकार नोरा नारान्हो-मोर्स यांनी मातीत घडवलेली पर्लीन नावाची बाई? १९८७ च्या एका कामात ती चुलत-मावस बहिणींना पोकर शिकवतेय! धरणीमाता शोधत आलेल्या गिऱ्हाइकाला ही पर्लीन कुठून मानवणार?

सतीश_नाशिक: मृण्मयीताई, पण वजन बाजूलाही सारू नका. याच स्वेन्ट्झेलनी युरोपीय यायच्या आधीचं प्युएब्लो अन्न तीन महिने खाण्याचा प्रयोग गावातल्या लोकांबरोबर केला. त्यात मैदा नाही, साखर नाही, दूध नाही. बऱ्याच जणांचं वजन उतरलं, तब्येत सुधारली. म्हणजे शरीराचं काय झालंय याची त्यांना काळजी आहेच.

मृण्मयी: सतीश, तो प्रयोग मी माझ्याच बाजूला धरते. त्या शरीराची काळजी घेतात, त्याची लाज बाळगत नाहीत. डेन्व्हर आर्ट म्युझियममधली २०११ ची 'मड वुमन रोल्स ऑन' बघा: मोठ्या बाईच्या पुढ्यात लहान, तिच्या पुढ्यात आणखी लहान. यातल्या कुणालाही आपण कशा दिसतो याची फिकीर नाही.

अनिरुद्ध: पर्लीनचा मुद्दा मान्य. पण स्वेन्ट्झेलच्या शिल्पांच्या ब्रॉन्झ आवृत्त्याही विकल्या जातात. हाताच्या वळ्यांतून चढलेला देह साच्यात ओतला की तुमचं ते 'आतून पाहणं' उरतं का, एवढं सांगा.