मदत हवी आहे: शिराळ्याची कोवळी फळे गळत आहेत

नमस्कार. ठाण्यातील आमच्या गच्चीवर ज्येष्ठात लावलेला शिराळ्याचा वेल मांडवभर पसरला असून, श्रावण लागल्यापासून त्यावर रोज पिवळी फुले उमलत आहेत; मात्र मादी फुलामागचे शिरा उमटलेले, बोटाएवढे कोवळे फळ टोकाकडून पिवळे पडत जाते आणि गळून पडते. फळमाशीने टोचल्याची खूण किंवा आत अळी कुठेही आढळली नाही.

शिराळ्याचे फूल संध्याकाळी उमलते, त्यामुळे घोसाळ्याप्रमाणे सकाळच्या मधमाश्यांवर विसंबून चालत नाही, म्हणून मी दिवेलागणीला नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातील पराग मादी फुलाला लावतो. कोरड्या संध्याकाळी याचा थोडाफार उपयोग होतो, पण सर आली की पराग भिजून सारे श्रम वाया जातात. असे फूल रात्रभर कागदी पिशवीने झाकावे का? मातीत शेणखत भरपूर आहे. तरीही पालाश (पोटॅश) कमी पडत असेल का, आणि चुलीतील राख घातल्यास फरक पडेल का?

ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेलेच जिन्नस घालतात, आणि त्यात अळू, लाल माठ व भेंडीसोबत आपल्याच वेलावरचे शिराळे असावे, अशी आईची मनापासून इच्छा आहे. (शिरांची तीळ घालून केलेली चटणी आमच्याकडे भाजीच्याही आधी संपते.) भर पावसाळ्यात ज्यांनी गच्चीवर शिराळी घेतली आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.