स्थितप्रज्ञ आणि सुशेगाद एकच का?

प्रश्न (फोंडा): आजोबांच्या पंच्याहत्तरीला छोटंसं भाषण लिहितेय. त्यात ‘ते कायम स्थितप्रज्ञ राहिले’ असं लिहिलंय, तर भाऊ म्हणतो एवढा जड शब्द कशाला, सरळ सुशेगाद लिही. चालेल का?

उत्तर (म्हापसा): नको गं. सुशेगाद पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आलाय, म्हणजे शांत, निवांत. दुपारी हुमण-शीत, म्हणजे माशांची आमटी-भात, जेवून पंख्याखाली आडवा झालेला माणूस सुशेगाद. बाहेरचे लोक त्याचा अर्थ आळशी असा घेतात ते मला मुळीच पटत नाही, पण तरी संकटात डोकं ठिकाणावर ठेवणाऱ्याला आपण हा शब्द लावत नाही. स्थितप्रज्ञ म्हणजे ज्याची प्रज्ञा, बुद्धी स्थिर झालीय तो, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५४ व्या श्लोकात अर्जुन विचारतो ना की असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, तिथला हा शब्द, आणि कृष्णाचं उत्तर पार ७२ व्या श्लोकापर्यंत चालतं.

उत्तर (डिचोली): एक सांगतो, हल्ली कशाचंच काही न वाटणाऱ्या माणसालाही स्थितप्रज्ञ म्हणतात, ते चूक आहे. त्याला निर्विकार म्हणा. स्थितप्रज्ञाला सुख-दुःख कळतं, फक्त तो त्याने हलत नाही.

प्रश्नकर्ती: आजी गेली तेव्हा आजोबा रडले होते, पण दिवसकार्याचं सगळं त्यांनीच शांतपणे बघितलं. मग स्थितप्रज्ञच ठेवते. देव बरें करूं!