वणवा पेटू नये म्हणून आधीच आग लावायची, हे नक्की काय लॉजिक?

भटकभवानी: उत्तर ऑस्ट्रेलियाच्या सॅव्हानाबद्दल बघत होते, म्हणजे गवताळ माळ आणि मधे विरळ झाडं, तर तिथले रेंजर हातात ड्रिप टॉर्च (पेटतं इंधन थेंबथेंब टाकणारा डबा) घेऊन स्वतःच गवत पेटवत चाललेले! आधीच पृथ्वी तापतेय, त्यात हा धूर कशाला? कोणी नीट सांगेल का?

गवत्या: अगं ते गवत दर पावसाळ्यात वाढतं नि नंतर वाळतं, जळायचं ते जळणारच, फक्त कधी ते आपण ठरवायचं. तिकडे पाऊस संपला की एप्रिल ते जुलै बुडाशी ओल असते, आग गुडघ्याएवढी, वाऱ्याच्या उलट लावली तर अगदी रांगत जाते आणि रात्री दव पडलं की बऱ्याचदा आपली आपण विझते. मधेमधे न जळलेले तुकडे राहतात, प्राण्यांना तेवढाच आसरा. हेच ऑक्टोबरात पेटलं की शेंड्यापर्यंत सगळं करपतं. आदिवासी लोक हे हजारो वर्षं करत आलेत, पायी चालत. आता लांबच्या भागात हेलिकॉप्टरमधून पोटॅशियम परमँगनेटच्या गोळ्या टाकतात, टाकताना आत ग्लायकॉल नावाचं द्रव टोचतात, खाली पडल्यावर त्या पेट घेतात. तिथल्याच वेस्ट आर्नहेम लँड भागात 2006 पासून याच्यावर कार्बनचे पैसे (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारे) पण मिळतात, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे पृथ्वी तापवणारे वायू कमी निघतात म्हणून. कार्बन डायऑक्साइड त्या हिशोबात धरत नाहीत, पुढच्या पावसात गवत तो परत ओढून घेतं.

नन्नाचा_पाढा: बरोबर, पण हाच फॉर्म्युला उचलून आफ्रिकेत चिकटवू नका राव. तिथे उलटी भानगड पण आहे. शेती, गुरं, रस्ते वाढले की गवत सलग राहत नाही, आग अडते. 1998 ते 2015 मधे जगभरात जळणारं क्षेत्र जवळपास पाव हिश्शाने घटलं, त्यात मोठा वाटा सॅव्हानाचा. ऐकायला छान वाटतं, पण आग नसली की झुडपं माजतात, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ती अजून फोफावतात, मग चरणाऱ्यांनी खायचं काय? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर अभयारण्यात 1954 पासून काही प्लॉट दरवर्षी जाळतात, काही दोन-तीन वर्षांनी, काही अजिबात नाही. शेजारी शेजारी बघितले की आगीने काय फरक पडतो ते कळतं.

भटकभवानी: म्हणजे जाळलं तरी लोचा, नाही जाळलं तरी लोचा 😅 आणि हवामान बदललं की?

गवत्या: खरी पंचाईत तिथेच आहे. ऊन लवकर कडक झालं, रात्री गार पडेनात, तर दव नाही, मग संध्याकाळी लावलेली आग सकाळी पण चालूच. जाळायला धड दिवसच उरत नाहीत, तारीख बघून नाही, गवत मुठीत चुरगाळून ठरवावं लागतं. त्यात उत्तर ऑस्ट्रेलियात आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आणलेलं गांबा गवत पसरलंय, चार मीटरपर्यंत उंच, ते पेटलं की गुडघ्याबिडघ्याचं विसरा.

नन्नाचा_पाढा: आणि ब्राझीलच्या सेराडोत, म्हणजे तिथल्या सॅव्हानात, कित्येक वर्षं आग लावायचीच नाही असं धोरण होतं, गवत साठत गेलं आणि मग मोठे वणवे. 2014 पासून तिथे पण काही राखीव भागांत मुद्दाम जाळायला लागले.